कृष्णेच्या ओटीत बोटीची किल्ली

आमच्या बोटीची सुरक्षाव्यवस्था इतकी पक्की होती, की खुद्द मालकालाही ती जागची हलवता आली नाही.

मालक म्हणजे मी. घराण्यातला पहिला पदवीधर. बी.एस्सी., विषय भौतिकशास्त्र. (लग्नपत्रिकेत नावापुढं पदवी छापून घेणारा आमच्या भावकीतला पहिला मीच.) बोट घ्यायची कल्पनाही माझी, आणि ती घेतली हौसाआत्यासाठी. आत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडलांची, एकुलती एक बहीण. तिचं सासर कृष्णेच्या पलीकडच्या काठाला, अगदी आमच्या घाटासमोर. तिनं पापड वाळत घातले तर इकडून दिसावेत, इतकं जवळ. पण रस्त्यानं यायचं तर पुलाचा लांबलचक वळसा, आणि आत्याला गाडी लागते. एसटी नुसती दिसली तरी ती पदर तोंडाला लावते. पूर्वी नाव चालायची तेव्हा ती दिवाळीला माहेरी यायची. नाव बंद पडली आणि आत्याचं येणंही बंद झालं. दर भाऊबीजेला अण्णा तिकडं जाऊन ओवाळून घेत आणि संध्याकाळी घरी परतत. फौजेत जन्म काढलेला माणूस, पण ती संध्याकाळ त्यांना जड जायची.

म्हणून कोयनेच्या जलाशयावर पर्यटक फिरवणारी एक वापरलेली बोट मी शोधून काढली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गावात आणली. अण्णांनी लगेच फोन लावला. "हौसे, औंदा भाऊबीज माहेरात. पोरगं बोट घिऊन येतंय." आत्यानं ही बातमी तिच्या अख्ख्या गावात फिरवली.

आता बोट आली म्हणजे चोरीची काळजी आली. मी शास्त्रीय पद्धतीनं विचार केला. बोटीला साखळी घालून ती घाटावरच्या करंजाच्या बुंध्याला बांधली, साखळीला कुलूप. इंजिनाभोवती लोखंडी जाळीचा पिंजरा करून घेतला, पिंजऱ्याला कुलूप. वल्ही फळीला जखडली, त्याला कुलूप. लाइफ जॅकेटं पेटीत, पेटीला कुलूप. आणि साऱ्या किल्ल्या इंजिनाच्या किल्लीसोबत एकाच कडीत. (वेगवेगळ्या ठेवल्या तर एखादी हरवते!)

आमचा शेजारी बापू बँजो पार्टी चालवतो. तो सगळं बघून म्हणाला, "गड्या, बोट हाय का तुरुंग?"

मूळ मालकानं किल्लीला एक भलंमोठं बूच बांधून दिलं होतं. ते मला फार गावंढळ वाटलं. मी ते कापून टाकलं आणि त्या जागी आमच्या कुलदैवताचा, म्हसवडच्या सिद्धनाथाचा पितळी बिल्ला अडकवला. चांगला वजनदार. हातात घेतला की मालक असल्यासारखं वाटायचं.

पाडव्याला बोटीची पूजा. आईनं किल्ल्यांच्या जुडग्याला हळदकुंकू लावून ते ताटात ठेवलं. त्याच ताटात कृष्णामाईच्या ओटीचा खण, नारळ, तांदूळ. पूजा झाली. आईचा गुडघा दुखत होता, म्हणून ती म्हणाली, "तेवढी ओटी सोड रं पाण्यात."

मी घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभा राहिलो. ओटी काठाशी रेंगाळू नये, धारेला लागावी, म्हणून हात पार मागं नेला आणि ताट असं काही भिरकावून रिकामं केलं, की बघणाऱ्यांनी मान डोलावली. नारळ तरंगत निघाला. खण तरंगत निघाला. आणि मधे काहीतरी 'डुबुक' झालं.

आई रिकाम्या ताटाकडं बघत म्हणाली, "जुडगा कुटाय?"

मी नदीकडं बोट केलं.

"शिक्षान," आई म्हणाली.

मी आधी मूळ मालकाला फोन केला. "दुसरी किल्ली आहे का?"

"न्हाई. पन ती बुडत न्हाई. तिला बूच हाय."

"बूच कापलं."

"का?"

"बरं दिसत नव्हतं."

"मग आता कसं दिसतंय?"

मग सांगलीतल्या किल्लीवाल्याला लावला. तो दिवाळीला गावी, माण तालुक्यात गेलेला. म्हणाला, "कुलपं घिऊन या हिकडं."

"कुलपं बोटीला आहेत."

"मग बोट घिऊन या."

"माणात? बोट?"

"आमच्यात पानी न्हाई ओ, पन जागा लय हाय."

बापूनं ग्राइंडर आणला. अण्णांनी तो हातातून काढून घेतला. "पिंजऱ्याशेजारी पेट्रोलची टाकी हाय. घरात दिवाळी एकदाच करत्यात." तेवढ्यात आत्याचा फोन आला. तिनं पिशवी भरली होती, नवं लुगडं काढून ठेवलं होतं. अण्णा तिला म्हणाले, "येतंय, येतंय पोरगं." फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. रागावले असते तर परवडलं असतं.

भाऊबीजेच्या सकाळी मला माझा विषय आठवला. बिल्ला पितळी, त्याला चुंबक ओढणार नाही. पण कडी? कडी पोलादी! बापूच्या बँजो पार्टीचा एक फाटका स्पीकर पडून होता, माझ्या छातीएवढा. मी त्याचं चुंबक उपसून काढलं आणि दोरीला बांधलं. अण्णांनी फौजी हुकूम सोडला, "काल फेकलंस तसंच फेक. त्योच हात, तीच पायरी." मी त्याच थाटात चुंबक भिरकावलं. घाटावर हा हा म्हणता गर्दी जमली.

पहिल्यांदा खिळे आले. दुसऱ्यांदा रुपयाची नाणी. (लोकांनी मनोभावे वाहिलेली. मी मनोभावे परत सोडली.) मग एक विळा आला. आई ओरडली, "आवं, ह्यो माझाच! मी जावंवर आळ घेतला हुता!" काकू गर्दीतच होती. तिथं दिवाळीचे वेगळेच फटाके सुरू झाले. बापू मधूनच म्हणाला, "आमच्या म्हशीची साखळी बघ गावती का." पलीकडच्या काठावर आत्या लुगडं नेसून, पिशवी घेऊन उभी. तिच्यामागं तिचं गाव.

पुढच्या खेपेला दोरी जड लागली. हळूहळू ओढली. आधी गाळ आला, मग गाळातनं पिवळं काहीतरी चमकलं. सिद्धनाथ! सगळ्या किल्ल्यांसकट!

घाटावर जो कल्ला झाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. बापूनं मला उचललं. अण्णांनी पाठीवर एकच थाप मारली, पण ती अजून जाणवते. मी भराभरा कुलपं काढली. पिंजरा उघडला, जॅकेटं निघाली, वल्ही सुटली, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. मी दोन्ही काठांना हात केला आणि बोट सोडली.

बोट दणक्यात निघाली, आणि तेवढ्याच दणक्यात थांबली. मी तोंडावर आपटलो.

खिशातला फोन वाजला. आत्या. "काय रं, दाव्याला बांधल्याल्या रेडकागत काय करतूयास?"

करंजाची साखळी सोडायची राहिली होती.

असो. आत्या आली. बोटीत ताठ बसून, एका हातानं फळी आणि दुसऱ्या हातानं माझी कॉलर धरून आली. एकदाही पदर तोंडाला लावला नाही. घाटावर अण्णा कडक उभे होते, पण आत्यानं पाय टेकताच त्यांचे डोळे भरले आणि ते उगीचच बोट बांधायला वाकले. दुपारी आत्यानं त्यांना माहेरच्या पाटावर ओवाळलं. मी जवळ सरकताच आईनं ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

संध्याकाळी सोप्यात माणसं जमली. अण्णा छाती काढून सांगत होते, "नदीच्या तळातनं किल्ली काढली पोरानं. शिकल्यालं वाया जात न्हाई."

बापूनं विचारलं, "आन् अण्णा, तळात घातली कुनी?"

अण्णा जराही अडखळले नाहीत. त्याच अभिमानानं म्हणाले, "ह्येनंच. आमच्यात दुसरं शिकल्यालं हायच कोन?"