गोवऱ्यांचं पोतं

सहलीला काय काय न्यायचं, हे आमच्या घरात आत्या ठरवायची. नवऱ्याने टाकल्यापासून वडिलांची ही बहीण सिंदेवाहीला आमच्याकडेच राहत होती. थंडीत तलावाकाठी रोडगे करायचे म्हणजे कणीक, वांगी, तूप, भाजी शिजवायचा मोठा गंज आणि पोतंभर गोवऱ्या. जंगलात लाकडाला तोटा नव्हता, पण लाकडाच्या जाळावर रोडगा वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. सगळी बांधाबांध आत्या करायची आणि दर वर्षी घर राखायला मागे राहायची.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मला नोकरी लागली. त्या वर्षी मी जीप ठरवली आणि आत्याने पहिल्यांदा तोंडाने मागितलं, "मले बी ने ना रे बापू." मी हो म्हणालो.

सकाळी ती पौर्णिमेला विहारात नेसायचं पांढरं लुगडं नेसून उभी होती. जीप भरली. उरलं पोतं आणि उरली आत्या.

"एकच मावते," आई म्हणाली. "पोतं नाई तं बाई."

"बाईवर रोडगे भाजता येते का?" वडील म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

"मले पोत्यावर बसू द्या ना."

"पांढऱ्या लुगड्यानं? मंग विहारात काय नेसशीन?" आई म्हणाली.

आत्या माझ्याकडे पाहत राहिली. मी ड्रायव्हरशी बोलू लागलो. शेवटी तिनेच पोतं उचलून आत सरकवलं.

दिवस फार मजेत गेला, खोटं कशाला सांगू? रोडगे उरले, तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "आत्यासाठी ठेवा." "तिच्यासाठी सकाळचा भात आहे," आई म्हणाली. आम्ही ते माकडांना फेकले आणि त्यांची झोंबाझोंबी पाहत बसलो.

संध्याकाळी आत्या गंज घासायला बसली. लुगडं बदललेलं होतं. "पुढच्या साली गोवऱ्या तिथल्याच गावातून घ्या," ती मला हळूच म्हणाली. "मंग एका माणसाची जागा होते."

मी घरात सांगितल्यावर तिचं म्हणणं सगळ्यांना पटलं. पुढच्या वर्षी गोवऱ्या तिथेच घेतल्या. रिकाम्या जागेत मी माझा नवा टेपरेकॉर्डर ठेवला, आणि तो हादरू नये म्हणून त्याच्याखाली आत्याची गोधडी घातली. घडी करून तिनेच दिली होती.