मालकाला न विचारता

"पाणी काय मालकाला इचारून घरात शिरतंय व्हय?" पूर समितीच्या बैठकीत ते उभं राहून एवढंच म्हणायचे आणि खाली बसायचे. अशी एका वाक्याची माणसं तुम्हीही पाहिली असतील.

शहरातल्या तालमींनी, म्हणजे पेठापेठांतल्या मंडळांनी, मिळून ही समिती केलेली. मी तिचा अध्यक्ष, ते माझे भाडेकरू. खालच्या खोलीत मिक्सर दुरुस्त करायचे. पुरानंतर पंचनामा करणारे घरमालकाचंच नुकसान लिहून घेतात, भाडेकरूचंही लिहावं, ही त्यांची मागणी. लहानथोर सगळ्यांना ते 'पावणं' म्हणत. एकदा सरकारी बंगल्यात राहणाऱ्या साहेबांना म्हणाले, "पावणं, तुमचं तरी घर सोताचं हाय का?" साहेबही हसले.

मग पुन्हा पूर आला. पाणी ओसरलं आणि पंचनाम्याची माणसं माझ्या दारात आली. भाडेकरू आहे का, त्यांनी विचारलं. त्या मागणीवर पहिली सही माझीच होती. पण सरकारदरबारी नाव लागलं की खोली हातची जाईल, अशी भीती वाटली. मी म्हणालो, कोणी नाही.

ते माझ्या मागेच उभे होते, हातात मिक्सरची चिखलानं भरलेली मोटर. कर्मचाऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं.

"मी पावणा हाय," ते म्हणाले. "पाण्यामुळं अडकलोय."

नंतर कितीतरी दिवस गल्लीतले भिजलेले मिक्सर ते माझ्याच गच्चीवर वाळवत होते. मी वर चहा पाठवत राहिलो.

पुढच्या बैठकीत त्यांनी मागणीत भर घातली. भाडेकरू राहतो याला शेजाऱ्याची साक्ष पुरे, मालकाला विचारूच नये. कुणीतरी टोमणा मारला, मालक काय खोटं बोलतंय व्हय? माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "भ्या वाटतंय की माणसाला. कशाला त्येला अडचणीत घालायचं?"

तालमी-तालमींत फिरून त्यांनी ही मागणी सगळ्यांच्या तोंडी बसवली. येईल त्या मंत्र्याला प्रत्येक तालीम तेच विचारू लागली. अखेर तसा आदेश निघाला. तोवर छातीच्या दुखण्यानं ते नेसरीला बहिणीकडे गेले होते. सत्कार माझा झाला. त्यांचं ते पाण्याचं वाक्य मी भाषणात माझं म्हणून सांगितलं, टाळ्या पडल्या. ते नेसरीतच वारले.

गेल्या पुरानंतर पंचनाम्याची माणसं पुन्हा गल्लीत आली. माझं दार सोडून थेट शेजारी गेली. खालच्या खोलीत कोण राहतं, त्यांनी विचारलं.

"आता कोण न्हाई," शेजारीण म्हणाली.

मी दारातच उभा होतो. मला कुणी काही विचारलं नाही.