त्याच्या घरचं खारं पाणी

गाय माजावर आली की कृत्रिम रेतन करणारा तो माणूस पिंपळगाव राजाहून फटफटीवर आमच्या गावात यायचा. नाव कुणी विचारलं नाही, सगळे डॉक्टरच म्हणायचे. धूर सोडणाऱ्या गार डब्यातून तो वळूच्या रेताची कांडी काढायचा, कोमट पाण्यात धरायचा, मग फडक्यानं पुसायचा. न्हाऊ घातलेल्या तान्ह्याचे कान आई टिपते, तसं हळू.

दारी आलेल्याच्या हातावर पाणी घालायची आमच्याकडे रीत. एकदा त्यानं कांडीचं टोक कापलं आणि नेमका तेव्हाच आईनं त्याच्या हातावर तांब्या ओतला. तो रागावला नाही. कांडी बाजूला ठेवून म्हणाला, "काकू, हे वाया गेलं."

"काऊन? चांगलं पाणीच तं होतं."

"साध्या पाण्यानं हा जीव फुगून मरते. याले त्याच्या घरचं खारं पाणीच लागते."

डब्यात दुसरी कांडी नव्हती. माज उतरायच्या आत तो पिंपळगावला जाऊन दुसरी घेऊन आला. त्या खेपेच्या कालवडीचं दूध आम्ही पुढं कितीतरी वर्षं प्यायलो.

आता आई माझ्याकडे पुण्यात असते. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, विहिरीचं पाणी तोंडात घेताच पाहुणे तोंड वाकडं करायचे. इथं मशीनचं गोड पाणी आहे. आई दोन घोट घेते आणि उरलेलं तुळशीला घालते.

काल मी म्हटलं, "आई, ग्लासभर तं पेत जाय."

ती तुळशीकडे बघत म्हणाली, "तो डॉक्टर काय म्हणे, आठवते काय तुले?"