छोटं पातेलं

सांगलीतल्या आमच्या नेहमीच्या उडपी हॉटेलात रोज सांबाराची दोन पातेली चढतात. मोठं गिऱ्हाइकांचं, कांदा-लसूण मसाल्याचं, झणझणीत. छोटं मालक शेट्टींच्या घरचं, त्यांच्या आजोबांनी गावाहून आणलेल्या खोबरं-गुळाच्या चवीचं. हल्ली ते फक्त त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांसाठी होतं.

काल वडिलांनी वाटी मागे सारली. “गोडमिट्ट लागतंय रे. गिऱ्हाइकांचं आण.”

एरवी ते मुलाशी तुळूत बोलतात. हे मराठीत बोलले. माणूस नव्या गावाचा नेमका कधी होतो, सांगता येत नाही. बहुधा जीभ आधी होते.

शेट्टींनी छोटं पातेलं मोठ्यात रिकामं केलं.

मी सांबार पुन्हा मागून घेतलं, लक्ष देऊन खाल्लं. चवीत काहीच फरक पडला नव्हता.