रेडिओवर आई लागायची

आमच्या बाबांना फोनवर कधी सरळ बोलताच आलं नाही. घरात फोन आला तेव्हापासून त्यांची पक्की खात्री होती की एक्स्चेंजमध्ये कोणीतरी कानाला यंत्र लावून बसलंय आणि भिवंडीतल्या इतक्या माणसांतून नेमकं त्याला आमचंच ऐकायचंय. कोर्टातले कारकून ना ते! लाइनीत जरा खरखर झाली की, "कोण आहे? फोन ठेवा!" असं दरडावायचे. पलीकडे माझे सख्खे मामा असले तरी तेच. मामांनी विचारलं, "भावोजी, पोरीसाठी ते स्थळ बघितलं का?" तर बाबा म्हणायचे, "आंबे पाहिले. पिकायला वेळ आहे." आता ते आंबे म्हणजे मी! मला असा संताप यायचा!

आईचं सगळं उलटं. ती फोनवर ओरडायची. तिचाही काही दोष नाही. आमच्या गल्लीच्या मागे लूमचे कारखाने, दिवसरात्र खटॅक-खटॅक. त्या आवाजावर आवाज काढून काढून अख्ख्या गावाचे गळे मोठे झालेले. म्हणून ती कल्याणच्या मावशीला फोन करायची तो शुक्रवारी, लूम बंद असायचे तेव्हा. सवयीने ओरडायची मात्र तेवढीच.

मस्कतहून मामांनी तो बिनतारी फोन आणला तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. वायर नाही, लांबलचक एरिअल, घरभर फिरत बोला! बाबांना भलताच आवडला. ते म्हणाले, "वायरच नाही म्हटल्यावर मधे कोण कान लावणार?" त्या दिवसापासून त्यांचे आंबे बंद झाले. कोपऱ्यात जाऊन मोकळेपणी बोलायला लागले. आई तर तो कानाला धरून पोळ्या लाटायची.

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर हातभर बोळ होती आणि पलीकडे काकूंची खिडकी. काकू म्हणजे आमच्या शेजारीण. आई आणि त्या एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आलेल्या. दोन्ही खिडक्यांतून वाट्या जायच्या-यायच्या, भाजीची, आमटीची, कधी नुसत्या साखरेची. पापड दोघींचे एकत्र. मला टायफॉइड झाला तेव्हा दवाखान्यात आईबरोबर काकू बसून होत्या, स्वतःच्या घरी पाहुणे टाकून. आईला काही झालं की ती आधी खिडकीत जायची, मग बाबांकडे.

तर त्या पावसाळ्यात काकूंनी अचानक सुरणाच्या भाजीचा सपाटा लावला. येता-जाता सुरण! वर बजावणं, "भावजींना आवर्जून वाढ हं." बाबा मुकाट्याने खायचे आणि गुणही येत होता म्हणा. कारण त्यांना मूळव्याधीचा त्रास होता. ही गोष्ट फक्त ते स्वतः, आई आणि डॉक्टर एवढ्यांनाच ठाऊक. माझ्यापासूनसुद्धा लपवलेली. आई म्हणायची, "बघा, देवासारखी बाई! न सांगता समजतं तिला."

दिवाळी झाली आणि वाट्या थांबल्या. एकदम! आईने कढी दिली तर, "आज उपास आहे." दुसऱ्या दिवशी शिरा दिला तर, "गोड बंद केलंय." मग खिडकीच लावून घेतली. काकू रस्त्यात भेटल्या की गोड हसायच्या आणि पुढे जायच्या. ते हसणं भांडणापेक्षा वाईट होतं. आईचं जेवण कमी झालं. आमटी ढवळता ढवळता मधेच त्या बंद खिडकीकडे बघत उभी राहायची. "माझं काय चुकलं ते तरी सांगावं गं," एवढंच म्हणायची. मला भीती वाटायला लागली. काकू तुटल्या तर ही बाई या गल्लीत रोज बोलणार कोणाशी?

एका शुक्रवारी मीच ठरवलं, जाऊन विचारायचं. आई फोनवर मावशीशी बोलण्यात गुंतलेली पाहून मी निघाले. काकूंचं दार उघडंच होतं. काकू रेडिओला कान लावून बसल्या होत्या, काटा अगदी शेवटच्या टोकाला नेलेला. आणि रेडिओतून आवाज येत होता, "...अगं मेथी कसली, नुसत्या काड्या! आणि त्याला आमच्या ह्यांचं म्हणणं..."

माझी आई! रेडिओवर! आणि "मग काय केलंस?" म्हणून विचारणारी माझी मावशीसुद्धा!

काकूंनी मला पाहिलं आणि खटकन रेडिओ बंद केला. चेहरा असा पडला की बस. "काय गं, काही हवं होतं का?" मी म्हणाले, "नाही, सहज," आणि धूम घरी पळाले.

मी सांगितल्यावर बाबा खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले. "म्हणजे हा फोन नाही, हे आकाशवाणी केंद्र आहे!" मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "सुरण." आईने तोंडाला पदर लावला. मला तेव्हा सगळा उलगडा झाला आणि मी जी हसत सुटले! डॉक्टरांना केलेला फोन काकूंनी ऐकला होता आणि बिचाऱ्या माउलीने औषध सुरू केलं होतं.

पण आई हसता हसता थांबली. "अगं बाई! चकल्या!"

दिवाळीत काकूंचं फराळाचं ताट आलं तेव्हा आई त्यांना म्हणाली होती, "काय खुसखुशीत झाल्यात गं!" आणि त्याच आठवड्यात शुक्रवारी मावशीला, ओरडून, "खुसखुशीत कसल्या! खलबत्त्यात कुटून खाल्ल्या आम्ही! दर वर्षी मोहन कमी पडतं आणि दर वर्षी मी खोटं बोलते!" खोटं काहीच नव्हतं त्यात. बत्ता मीच मारला होता.

माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "जाते आणि विचारते, दुसऱ्याचं बोलणं ऐकायला लाज नाही का वाटत म्हणून!"

आईने माझा हात धरला. "आणि मी जे बोलले त्याचं काय? खबरदार गेलीस तर."

मोठी पंचाईत झाली. काकू 'मी रागावलेय' असं म्हणू शकत नव्हत्या, कारण मग 'मी ऐकत होते' हे कबूल करावं लागलं असतं. आईने जाऊन माफी मागितली असती तर तू चोरून ऐकलंस असं तोंडावर म्हटल्यासारखं झालं असतं आणि काकू शरमेने पुन्हा आमच्यासमोर उभ्या राहिल्या नसत्या. बाबांनी तो फोन खोक्यात घातला, खोकं कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं.

पुढच्या शुक्रवारी आईने कुलूप उघडायला लावलं. फोन घेतला, एरिअल लांब केली आणि सरळ स्वयंपाकघरात, त्या बंद खिडकीसमोर जाऊन उभी राहिली. बाबा म्हणाले, "अगं, ते सगळं ऐकू जातं!"

"माहितीये," आई म्हणाली, बटण दाबलं आणि फोन कानाला लावला.

"हं, मी बोलतेय," तिने ओरडूनच सुरुवात केली. "ऐक, मधे बोलू नकोस. त्या चकल्या कडक होत्या, ते खरंय. ते मी मागे घेणार नाही. पण तिच्या तोंडावर गोड बोलले आणि पाठीमागे हसले, ते वाईट केलं मी. माझी पोर तापाने फणफणली होती तेव्हा रात्रंदिवस जी बसली, तिला चकलीचं खरं सांगायला मला एवढं जड का जावं? आता भाजीला फोडणी देते आणि कोणाला विचारू, मीठ बरोबर आहे का म्हणून? ह्यांना? ह्यांना काही कळतं का त्यातलं?" मग तिने आवाज खाली आणला. "खिडकी बंद असली की घरात जीव गुदमरतो गं."

तिने फोन बंद केला. बाबा चक्क डोळे पुसत होते.

मग पलीकडची कडी वाजली. खिडकी उघडली. काकूंचे डोळे लाल झालेले.

"मोहन किती घालतेस तू?" त्यांनी विचारलं.

"भाजणी मुठीत दाबली की मूद राहिली पाहिजे, इतकं," आई म्हणाली.

"मग इतकी वर्षं तोंडात काय धरलं होतंस, मेले?"

"चुकलं."

"माझंही चुकलं. बायकांचा कार्यक्रम शोधताना काटा टोकाला गेला आणि तुझा आवाज आला. मग काही सोडवेना." काकूंनी नाक ओढलं आणि त्या एकदम हसायला लागल्या. "आणि पुढच्या वेळी बहिणीला फोन केल्याचं सोंग करायचं तर निदान नंबर तरी दाब गं! सगळा वेळ मागे आधी कुर्रर्र, मग टूं-टूं वाजत होतं. लाइनीवर कोणीच नव्हतं."

आईने खिडकीतून हात घातला आणि काकूंचं मनगट घट्ट धरलं.

"सोंग कसलं? बहिणीशीच बोलत होते मी."