सहा ते सातची बॅच

पद्मजाताई खिरवडकरांनी मला पोहायला शिकवलं नाही. मी जबलपूरच्या नगर निगमाच्या, म्हणजे महापालिकेच्या, तरणतलावावर जायला लागले, तोवर शिकवायचं काम त्यांच्याकडून गेलं होतं. पण माझ्याआधी चेरीतालच्या आणि आसपासच्या दोनेकशे बायका त्यांचा हात धरून पाण्यात उतरल्या, हे मला पहिल्याच दिवशी तीन जणींनी सांगितलं. तिघींनीही आवाज खाली आणून सांगितलं, कारण ताई पाच पावलांवर बाकावर बसल्या होत्या.

त्यांचे वडील रेल्वेत होते. त्यांनी मुलीला नर्मदेवर, तिलवाऱ्याच्या घाटावर, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकवलं. लग्न होऊन त्या चेरीतालला आल्या. यजमान शरच्चंद्र फॅक्टरीत, दोन मुलगे, सासूबाई. पोहणं सुटलं ते सुटलंच. मुलं शिकून बाहेर पडली तेव्हा ताईंनी निगमाच्या तलावावर चौकशी केली. बायकांसाठी वेळच नव्हती. मग त्या घरोघर फिरल्या, एकशे त्रेचाळीस सह्या गोळा केल्या आणि झोन ऑफिसात दर सोमवारी जाऊन बसू लागल्या. सातव्या महिन्यात आदेश निघाला: मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी चार ते पाच.

मे महिन्यात जबलपुरात दुपारी चारला काठावरच्या फरशीवर पाय ठेवून पाहावा. फोड येतात. ताईंनी संध्याकाळची वेळ मागितली. नंतरची तेरा वर्षं दर मार्चमध्ये, तलाव उघडायच्या आधी, त्या एक अर्ज देत राहिल्या. उत्तर ठरलेलं: संध्याकाळी स्लॉट रिकामा नाही. तोवर त्या फरशीवर ओली पोती अंथरून शिकवायच्या. पगार नाही, पद नाही. "मान सोड. मान सोडली की पाय आपसे आप वर येतात," हे त्यांचं वाक्य बायका अजून म्हणतात.

पहिल्या बॅचमध्ये सगळ्यात लहान होती प्रणोती घारपुरे. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. आठ दिवसांत तरंगली, महिन्याभरात ताईंच्या पुढे गेली. राज्य पातळीवर पोहली, ग्वाल्हेरला शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, लग्न झालं, आणि अडीच वर्षांच्या मैत्रेयीला घेऊन परत जबलपूरला आली. त्याच सुमाराला निगमानं ठरवलं, की यापुढे प्रत्येक बॅचला प्रमाणपत्रधारक प्रशिक्षक हवा, वय पंचेचाळीसच्या आत. ताई सत्तावन्न वर्षांच्या. प्रमाणपत्र तर त्यांच्याकडे एकही नव्हतं.

प्रणोती पेढे घेऊन आली. "काकू, मी अप्लाय करू का, हे आधी तुम्हालाच विचारणार होते. पण लास्ट डेट होती ना."

"चांगलं केलंस," ताई म्हणाल्या आणि पेढा खाल्ला. निगमानं त्यांना शाल-श्रीफळ दिलं. पार्षद, म्हणजे आमच्या नगरसेविका, दीपाजींनी भाषणात त्यांना 'हमारी जलपरी' म्हटलं. टाळ्या झाल्या. इथपर्यंत ताईंना वाईट वाटलं, पण जळफळाट झाला नाही. असं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

तो झाला जूनमध्ये. प्रणोतीनं एक अर्ज दिला, एकच, आणि तीन आठवड्यांत महिलांची बॅच संध्याकाळी सहा ते सात झाली.

"एक अर्ज, क्षमा," ताई माझं नाव घेऊन म्हणाल्या. "मी तेरा दिले. माझ्या अर्जांना काय अक्षर नव्हतं? त्या दिवशी मी घरी येऊन भाजी चिरायला घेतली तर अर्धी खाली सांडली. हे विचारतात, बीपी वाढलं का. मी म्हटलं, हो, बीपीच."

सहा ते सात झाली म्हणून तर माझ्यासारख्या नोकरीवाल्यांना येता आलं. मी रेल्वेच्या ऑफिसातून थेट यायची, माझी चार वर्षांची मुलगी सोबत. अशा आम्ही पाचसहा जणी होतो. पंप रूमच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून मुलांना बसवायचो आणि आळीपाळीनं एकीनं लक्ष ठेवायचं असं ठरलं होतं. पण आपली पाळी आली की प्रत्येकीला वाटायचं, आज जरा पाण्यात पाय घालून बसू. मैत्रेयीही त्याच सतरंजीवर असायची.

ताई रोज यायच्या. पोहायच्या नाहीत, बाकावर बसायच्या. बायका प्रणोतीला 'मॅडम' म्हणायच्या, ताईंना कुणी कधी मॅडम म्हटलं नव्हतं. प्रणोती शिट्टी वापरायची. पायाला बांधायचे फोमचे तुकडे तिनं मागवले होते. ज्या बाईला तरंगायला ताईंनी दोन महिने लावले असते, ती अकरा दिवसांत तरंगली. त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ताईंनी पर्स उघडून आत काहीतरी शोधायला घेतलं.

कधीकधी त्यांना राहवत नसे. "मान ताठ ठेवून राहिली बघ ती," त्या काठावरून ओरडायच्या.

प्रणोती पाण्यातून म्हणायची, "हो काकू, तिकडेच येते आहे मी." शांतपणे म्हणायची. तो शांतपणाच ताईंना टोचायचा.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी मैत्रेयी सतरंजीवरून उठली. एकाच पायात चप्पल. लक्ष ठेवायची पाळी जिची होती ती फोनवर बोलत होती. आम्ही सगळ्या पलीकडच्या टोकाला, प्रणोतीची पाठ वळलेली. मुलगी खोल बाजूच्या काठापासून दोन हातांवर पोचली तेव्हा ताईंनी तिला मागून उचललं, सतरंजीवर नेऊन बसवलं, पायात दुसरी चप्पल घातली. कुणालाही कळलं नाही. मलासुद्धा नाही.

"तिला उचललं तेव्हा मी घाबरले होते," ताई म्हणाल्या. "पण खाली ठेवल्यावर, तुला खरं सांगते, मला बरं वाटलं. मिळालं एकदाचं, असं वाटलं. लाज वाटते गं सांगताना."

प्रणोतीला त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालता घालता त्यांनी तक्रारीच्या हेल्पलाइनला फोन लावला. महिला बॅचमध्ये लहान मुलं काठावर मोकळी फिरतात, प्रशिक्षिकेची स्वतःची मुलगीही, कुणाचं लक्ष नसतं, अपघात होईल. पलीकडच्या मुलानं सगळं लिहून घेतलं आणि तक्रार क्रमांक पाठवला. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. ताईंनी उरलेले कपडे वाळत घातले.

नवव्या दिवशी तलावाच्या फाटकावर पाटी लागली: महिला बैच आगामी आदेश तक स्थगित.

चौकीदार तुळशीराम फाटकाच्या आत उभा होता. "मैं क्या करूँ दीदी, ऊपर से आया है," एवढंच तो म्हणत राहिला. आम्ही वीसबावीस जणी हातात पिशव्या घेऊन रस्त्यावर. प्रणोती मैत्रेयीला कडेवर घेऊन एका बाजूला उभी होती. तिला त्याआधीच चौकशीला बोलावलं होतं, हे आम्हाला तेव्हाच कळलं. आणि तेवढ्यात ताई आल्या, रोजच्यासारख्या, बाकावर बसायला. सगळ्या त्यांच्याकडे धावल्या.

"ताई, आता तुम्हीच काही करा. पहिल्यांदा बॅच तुम्हीच आणली होती."

ताईंनी पाटी वाचली. दोनदा वाचली. त्यांना वाटलं होतं प्रणोतीला एखादी नोटीस जाईल, ती खजील होईल, बायकांना कळेल. बॅचच बंद होईल हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"निवेदन काकूंनीच लिहावं," प्रणोती म्हणाली. "ऑफिसात त्यांचं अक्षर ओळखतात."

ताईंनी निवेदन लिहिलं. स्वतःच्याच तक्रारीविरुद्ध, दीड पान, हिंदीत. बत्तीस सह्या झाल्या. सोमवारी आम्ही सहा जणी झोन ऑफिसात गेलो. दीपाजींनाही बोलावलं होतं. अधिकाऱ्यांनी निवेदन वाचलं आणि कॉम्प्युटरचा पडदा स्वतःकडे वळवला.

"देखिए, शिकायत बच्चों की सुरक्षा की है। इसमें हम रिस्क नहीं ले सकते।"

"शिकायत की किसने?" आमच्यातली एक तावातावानं म्हणाली. "नाम बताइए ना सर!"

अधिकाऱ्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग समोरच्या निवेदनाखालच्या पहिल्या सहीकडे. मग ताईंकडे. मी ताईंच्या शेजारच्याच खुर्चीवर होते. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"सर, किसने की, वो छोड़िए," प्रणोती घाईनं म्हणाली. "शिकायत सही है। मेरी बेटी सच में किनारे तक गई थी। आप ये बताइए कि बैच चालू करने के लिए हमें क्या करना होगा।"

अधिकाऱ्यांनी पडदा परत वळवला. दीपाजी म्हणाल्या, पंप रूमच्या शेजारची स्टोअर रूम वर्षानुवर्षं फुटक्या खुर्च्यांनी भरली आहे. ती रिकामी करून तिथं झूलाघर, म्हणजे पाळणाघर, करता येईल, दाराला कडी, मुलांवर लक्ष ठेवायला एक जबाबदार बाई. त्या विषय समितीपुढे ठेवतील. चलो, काहीतरी मार्ग निघाला, म्हणून बाकीच्या बायका आनंदात खाली उतरल्या. मी मागे राहिले, कारण ताई जिन्यातच थांबल्या होत्या.

"तुला माहीत होतं," त्या प्रणोतीला म्हणाल्या.

"हो. चौकशीच्या दिवशी कागदावर नंबर दिसला. तुमचा नंबर मला पाठ आहे काकू. आईनं लहानपणी पाठ करून घेतला होता, क्लासहून यायला उशीर झाला तर करायला."

"मग बोलली काहून नाहीस?"

"काय बोलू? झालं ते खरंच होतं. मैत्रेयीला विचारलं तर म्हणाली, आजीनं पाण्याजवळून उचललं. पण तुम्ही मला सांगायचं ना! त्याच दिवशी, तिथल्या तिथं! मैत्रेयी पाण्यात गेली असती आणि मला पत्ताच नाही. रात्र रात्र मला तेच दिसून राहिलंय. तुम्ही तिला उचललं, आणि मला न सांगता घरी गेलात." तिचा आवाज चढला, मग फुटला. "मला राग आहे तुमचा. आत्ता जाऊ द्या मला."

ती खाली गेली. ताई कठड्याला धरून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "तू ऐकलंस."

"ऐकलं," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं आणि हे सगळं सांगितलं, शरच्चंद्रकाकांच्या समोर. काकांना तोवर काहीच माहीत नव्हतं. ते ऐकून घेत होते आणि मधूनमधून चष्मा पुसत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "पोरीची माफी मागितलीस?"

"नाही. मागायला तोंड उघडलं तर ती गेली होती."

"उद्या जा."

त्या गेल्या. काय बोलणं झालं ते दोघींनीही कुणाला सांगितलं नाही.

समितीनं सप्टेंबरच्या मध्यावर निर्णय घेतला. स्टोअर रूम रिकामी झाली, फुटक्या खुर्च्या ट्रकमधून गेल्या, भिंतीला पिवळा रंग लागला. दाराला कमरेएवढं फाटक बसलं. देखरेख करणाऱ्या बाईसाठी अट आठवी पासची, वयाची अट नाही. तीन अर्ज आले. त्यातला एक पद्मजा खिरवडकर यांचा होता.

"काहून?" काकांनी विचारलं. "प्रायश्चित्त करून राहिलीस का?"

"नाही हो. मला तिथं राहायचं आहे. पाण्याजवळ. बाकावर बसायला आता मला तोंड नाही."

निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा बायकांपैकी काही कुजबुजल्या; तोवर कुणाकडून तरी तक्रारीची गोष्ट फुटली होती. एकीनं सरळ म्हटलं, हिच्या हातात मी माझं मूल देणार नाही. प्रणोतीनं मैत्रेयीला सगळ्यांसमोर नेऊन फाटकाच्या आत सोडलं, कडी लावली आणि पाण्यात उतरली. मग बाकीच्यांनीही सोडलं. मीही सोडलं.

आता ताई सहा ते सात आत असतात. मुलांना मोजतात, पुन्हा मोजतात. मोठ्यांना बादलीतल्या पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढायला शिकवतात. बाहेर प्रणोतीची शिट्टी वाजली की त्यांची मान अजून खिडकीकडे वळते. एकदा मी मुलीला घ्यायला गेले तर त्या खिडकीच्या गजाला धरून पुटपुटत होत्या, "खांद्यातून, खांद्यातून वळ..." मला पाहून पुन्हा मुलं मोजायला लागल्या. दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलतात. चहा एकत्र घेत नाहीत.

फेब्रुवारीत निगमानं नवा विचार काढला: रविवारी सकाळी आई आणि मूल, दोघांनी मिळून उथळ पाण्यात एक तास. त्यासाठी प्रशिक्षिकेनं एक सहायक सुचवायची होती, तिला प्रमाणपत्राची अट नव्हती. प्रणोतीनं लेखी एकच नाव दिलं.

मी पेढे मागायला गेले तर ताईंचा चेहरा उतरलेला.

"का हो, आनंद नाही झाला?"

"झाला ना. तेरा वर्षं शिकवलं, पण रीतसर पाण्यात उतरायला मला आज पहिल्यांदा कुणी सांगितलं." त्यांनी पत्र घडी करून डब्याखाली ठेवलं. "पण तिनं माझं नाव लिहिलं, क्षमा, तेच खुपतं. मी तिच्या जागी असते तर लिहिलं नसतं. हे तिलाही माहीत आहे. तरी लिहिलं."

"मग नाही म्हणणार का?"

"पागल आहेस का? होकार कधीच कळवला. मार्चपासून आहे. तुझ्या मुलीचं नाव पहिलं घातलंय, टॉवेल दोन आण. आणि त्या दिवशी तिला सकाळी दूध देऊ नकोस, पाण्यात मळमळतं."

मार्चच्या दुसऱ्या रविवारी ताई पाण्यात उतरल्या. कमरेएवढ्या पाण्यात माझ्या मुलीची मान तळहातावर घेऊन त्या उभ्या होत्या, आणि पलीकडे प्रणोती मैत्रेयीला घेऊन. मैत्रेयी आईच्या गळ्याला मिठी मारून रडत होती, काही केल्या सोडेना. बराच वेळ गेला. मग प्रणोती पाण्यातून चालत ताईंकडे आली आणि म्हणाली, "काकू, हिला जरा तुम्ही घ्या."

ताईंनी आधी माझी मुलगी माझ्या हातात दिली.