चौदा ओव्या उरल्या होत्या

"आई, उठा हो, रक्त जातंय," माझी सून आशा स्वयंपाकघरातून ओरडली, तेव्हा अध्याय संपायला चौदा ओव्या उरल्या होत्या. ती सात महिन्यांची गरोदर. मी उठले नाही. पारायणात आसन सोडायचं नाही, मधे बोलायचं नाही, हे मी चाळीस वर्षं पाळलेलं. पारायणही तिच्या सुखरूप बाळंतपणासाठीच मांडलं होतं. मी आवाज चढवून वाचत राहिले.

तेवढ्यात दार वाजलं. खिडकीतून दिसला तो म्हातारा पाद्री. जन्मानं इथलाच, आयर्लंडमधल्या आमच्या या नावन गावचा, पण तरुणपणी पोटासाठी अमेरिकेला गेलेल्या आयरिश मजुरांबरोबर गेला. तिथे त्यांच्या संपात उभा राहिला, आयर्लंडची फाळणी मिटावी म्हणून सभा घेतल्या, तुरुंगही पाहिला. ऐंशी उलटल्यावर नावनला परतला, तरी स्वस्थ बसेना. आशा काम करते त्या वृद्धाश्रमातल्या बायकांची युनियन बांधत होता.

"बाटवायला येतो मेला," मी म्हणायचे.

"आई, सही मागायला येतो," आशा हसायची. "तुम्हाला बाटवून त्याला काय मिळणार? डोकेदुखी."

त्या दिवशी मी त्याला हातानंच 'जा' म्हटलं. तो गेला नाही. आशाचं कण्हणं ऐकून मागच्या दारानं आत शिरला, फोन केला, अंगातला कोट तिच्यावर घातला आणि गुडघे टेकून तिचा हात धरून बसला. मी शेवटची ओवी वाचून पोथी मिटली, तेव्हा ॲम्ब्युलन्स दारात होती.

दवाखान्यात तो माझ्या मुलाशी इंग्रजीत काही बोलला. मुलानं डोळे पुसत सांगितलं, "आई, फादर म्हणतात, तू प्रार्थना करत होतीस म्हणून देवानं त्यांना धाडलं." मी मान खाली घातली. मुलाला तो नम्रपणा वाटला.

आशाला सगळं ठाऊक होतं. ती एका शब्दानं बोलली नाही. ते मला सोसेना. आठव्या दिवशी मी मुलाला खरं सांगितलं. तो उठून बाहेर गेला, दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग, मला इंग्रजी येत नाही म्हणून, त्यालाच ते पाद्र्यालाही सांगायला लावलं. म्हातारा त्याला म्हणाला, "आजींना विचार, चहा मिळेल का?"

माझी लाज त्या चहानं गेली नाही, जाणारही नाही. देवाला मी बोलावलं, आणि कसं यायचं तेही मीच ठरवून बसले. तरी मदत आली, माझ्या परवानगीवाचून आली. त्याचे उपकार मानते. आता हाक ऐकली की हातातली पोथी ठेवते.

आशा वाचली. तिची मुलगी वाचली.